प्रबंधातील तळटिपा आणि संगणकाचे साहाय्य



चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीतून, घाटल्यातून, पी. एल. लोखंडे मार्गावरील वस्त्यांतून आज अनेक मुलेमुली एम. ए. आणि पीएच. डी. पर्यंत पोहोचली आहेत. ज्या घरांत आजोबा सहीच्या जागी अंगठा उठवीत, त्याच घरांत नातवंडे प्रबंध लिहीत आहेत. ही बाब निश्चितच अभिमानाची आहे. परंतु अशा घरातील विद्यार्थ्याला एक अडचण हमखास येते. विषय त्याला कळतो, वाचनही तो भरपूर करतो. पण तळटीप कशी लिहावी, संदर्भसूची कशी लावावी, हे सांगणारे घरात कोणी नसते. वर्गातही हा विषय एखाद्या तासात उरकला जातो. मग सारी मेहनत करूनही प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो. या विषयावर रविवारच्या अभ्यासवर्गात जे धडे घेतले, त्यांचा सारांश स्मरणिकेच्या वाचकांसाठी येथे देत आहे.

१. एका 'तत्रैव'ची गोष्ट

अभ्यासवर्गातील एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण घेऊन आली. विषय होता अस्पृश्यतेच्या उगमासंबंधीची निरनिराळी मते. त्यात तिने प्रथम स्टॅन्ली राइस या इंग्रज लेखकाचे मत मांडले होते. 'हिंदू कस्टम्स अँड देअर ओरिजिन्स' (१९३७) या ग्रंथात त्याने अस्पृश्यतेचा उगम वंशभेदाशी आणि व्यवसायाशी जोडला होता. राइसच्या ग्रंथाची पहिली तळटीप तिने पूर्ण लिहिली आणि पुढच्या तीन तळटिपांत प्रथेप्रमाणे नुसते 'तत्रैव' लिहून पृष्ठांक दिले. त्यानंतरच्या परिच्छेदात बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये या मताचे जे खंडन केले, ते घेतले होते.

मार्गदर्शकांनी सुचवले की, प्रत्येक मुद्द्याला लागूनच बाबासाहेबांचे उत्तर द्यावे. तिने बाबासाहेबांचा परिच्छेद उचलून राइसच्या परिच्छेदांच्या मध्ये ठेवला. तळटिपांचे क्रमांक संगणकाने आपोआप नीट केले, म्हणून सर्व ठीक झाले असे तिला वाटले. परंतु 'तत्रैव' याचा अर्थ 'वरच्याच ग्रंथात'. आता वरचा ग्रंथ बाबासाहेबांचा झाला होता. परिणाम असा की, अस्पृश्यता वंशभेदातून आली हे जे मत बाबासाहेबांनी खोडून काढले, तेच मत बाबासाहेबांच्या नावावर पडले!

"सर, मी एक शब्दसुद्धा बदललेला नाही," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. शब्द तेच होते; फक्त जागा बदलली होती. परीक्षकाने हे पाहिले असते तर त्याने तिला काय म्हटले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. आणि पाहिले नसते तर ते आणखी वाईट. पुढचा अभ्यासक तिच्या प्रबंधावर विश्वास ठेवून तीच चूक पुढे नेता.

हा दोष तिच्या बुद्धीचा नव्हता, हाताने संदर्भ सांभाळण्याच्या पद्धतीचा होता. हा दोष टाळणारे साधन आज फुकट उपलब्ध आहे. परंतु साधनाकडे वळण्यापूर्वी संदर्भ द्यायचा कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे.

२. संदर्भ कशासाठी?

अनेक विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की, तळटीप ही परीक्षकाला खूष करण्यासाठी असते. ही समजूत चुकीची आहे. तळटीप ही वाचकाला दिलेली वाट आहे. 'मी हे येथे वाचले. तुम्हीही जाऊन पाहा' असे तिचे सांगणे असते.

हा विचार आपल्याला परका नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात चार 'महापदेस' सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणाला की, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, किंवा अमुक ठिकाणच्या संघाकडून, अनेक थेरांकडून वा एखाद्या विद्वान थेराकडून ऐकले, तर ते एकदम स्वीकारू नये आणि एकदम नाकारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे, जुळले तर घ्यावे, न जुळले तर सोडावे, असा त्याचा आशय आहे. सांगणारा कितीही मोठा असला तरी पडताळणी हवी, हा नियम आपल्या परंपरेत इतका जुना आहे. संदर्भ देणे म्हणजे वाचकाला ही पडताळणी करता यावी अशी सोय करणे होय.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांच्याच ग्रंथाचे आहे. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोणता भाग कोणत्या पाली ग्रंथातून घेतला, याच्या टिपा नव्हत्या. त्यामुळे काही टीकाकारांना शंका घेण्यास वाव मिळाला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला, तेव्हा परिश्रमपूर्वक त्याचे पाली आधार शोधून काढले. पुढे महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या मालेत हा ग्रंथ अकरावा खंड म्हणून १९९२ मध्ये काढला आणि १९९५ मध्ये त्याच्या पाली व इतर आधारांचा स्वतंत्र पुरवणी खंड सूचीसह प्रसिद्ध केला. म्हणजे मूळ ग्रंथानंतर अडतीस वर्षांनी त्याच्या संदर्भांचे पुस्तक आले. एका ग्रंथाचे संदर्भ जुळवण्यासाठी विद्वानांना किती कष्ट पडले, याचा विचार केला म्हणजे आपल्या दोनशे पानांच्या प्रबंधात तळटीप वेळच्या वेळी का लिहावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

३. तळटीप, अंत्यटीप आणि संदर्भसूची

या तीन गोष्टींत विद्यार्थी गोंधळतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

तळटीप त्याच पानाच्या तळाशी येते. वाचकाला पान न उलटता आधार दिसतो. इतिहास, साहित्य, पाली, तत्त्वज्ञान या विषयांत तिचा वापर जास्त होतो.

अंत्यटीप प्रकरणाच्या किंवा ग्रंथाच्या शेवटी एकत्र येते. पान स्वच्छ दिसते. मात्र वाचकाला मागेपुढे करावे लागते.

संदर्भसूची ही वापरलेल्या सर्व ग्रंथांची आडनावाच्या अकारविल्हे लावलेली यादी. तिच्यात प्रत्येक ग्रंथ एकदाच येतो. तळटिपेत मात्र तोच ग्रंथ दहा वेळा येऊ शकतो, आणि दर वेळी पृष्ठांक वेगळा असतो.

समाजशास्त्र, मानसशास्त्र यांसारख्या विषयांत आणखी एक पद्धत आहे. तीत मजकुरातच कंसात आडनाव व वर्ष देतात आणि तळटीप फक्त स्पष्टीकरणासाठी ठेवतात. कोणती पद्धत वापरावी हे आपण ठरवायचे नाही; आपल्या विद्यापीठाची नियमावली आणि मार्गदर्शक यांना पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे.

कोणतीही पद्धत असो, प्रत्येक ग्रंथाची पुढील माहिती जवळ हवी : लेखक, ग्रंथाचे नाव, संपादक किंवा अनुवादक, खंड, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठांक. ग्रंथ हातात असतानाच ती टिपून घ्यावी. ग्रंथालयात पुस्तक परत केल्यावर एका पृष्ठांकासाठी पुन्हा फेरी मारण्याचा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला हे पटेल.

४. कार्डापासून संगणकापर्यंत

माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही चेंबूरहून हार्बर लाइनने व्ही. टी. ला उतरून फोर्टमधील ग्रंथालयांत बसत असू. प्रत्येक ग्रंथाचे एक कार्ड करायचे, ती कार्डे बुटांच्या खोक्यात लावायची आणि शेवटी टंकलेखकाकडे द्यायची. तळटिपेसाठी पानाच्या तळाशी किती ओळी सोडायच्या, हे टंकलेखक अंदाजाने ठरवी. एक तळटीप वाढली की पान पुन्हा टाइप होई, आणि त्याचे पैसे आपल्याच खिशातून जात.

आजचे संदर्भ-सॉफ्टवेअर म्हणजे तेच कार्डांचे खोके आहे, असे समजावे. फरक एवढाच की, या खोक्यातील कार्ड हवे त्या ठिकाणी, हव्या त्या पद्धतीने स्वतःहून तळटीप होऊन बसते.

अशी अनेक साधने आहेत. एंडनोट हे जुने आणि विकत घ्यावे लागणारे साधन आहे. मेंडेली २००८ साली निघाले व २०१३ मध्ये एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने ते घेतले. आपल्या विद्यार्थ्यांना मी झोटेरो वापरण्यास सांगतो. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्राने ते २००६ साली प्रथम आणले. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. वर्ड, लिब्रऑफिस आणि गुगल डॉक्स या तिन्हींशी त्याची जोडणी होते. त्याचे नाव अल्बेनियन भाषेतील शब्दावरून घेतले आहे. एखादी गोष्ट आत्मसात करणे, असा त्या शब्दाचा भाव आहे.

५. काम कसे करावे?

पहिली पायरी : नोंद करणे. संगणकावर झोटेरो बसवावे आणि इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरला त्याची 'कनेक्टर' नावाची जोड द्यावी. एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत किंवा नियतकालिकाच्या पानावर असताना कनेक्टरचे बटन दाबले की बहुधा नोंद आपोआप येते. पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक असेल तर तो टाकूनही माहिती मिळते. मात्र आपल्या चळवळीतील कित्येक जुन्या पुस्तकांवर असा क्रमांकच नसतो. ती नोंद हाताने भरावी. दहा मिनिटे लागतात, पण ती एकदाच.

दुसरी पायरी : शैली निवडणे. वर्डमध्ये झोटेरोची स्वतंत्र पट्टी येते. पहिल्यांदा 'ॲड/एडिट सायटेशन' दाबले की ते शैली विचारते. तळटिपांसाठी शिकागो पद्धतीची टीप-शैली बहुतेकांना चालते. अशी शैली निवडली की तळटीप हवी की अंत्यटीप, हेही तेथेच सांगता येते. झोटेरोच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली आहेत.

तिसरी पायरी : टीप घालणे. वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवावा, तेच बटन दाबावे, लेखकाच्या आडनावाची दोन-तीन अक्षरे टाइप करावीत, ग्रंथ निवडावा, पृष्ठांक लिहावा आणि एंटर दाबावे. तळटीप तयार होते. त्याच ग्रंथाचा उल्लेख पुन्हा आला तर संक्षिप्त रूप येते. एकाच टिपेत दोन-तीन ग्रंथही देता येतात.

चौथी पायरी : संदर्भसूची. शेवटच्या पानावर 'ॲड/एडिट बिब्लिओग्राफी' दाबले की टिपांत आलेल्या सर्व ग्रंथांची यादी लागते.

आता आपल्या विद्यार्थिनीची अडचण पाहा. या साधनाने घातलेला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला आणि 'रिफ्रेश' दाबले, तर प्रत्येक टीप आपला ग्रंथ ओळखते. वर दुसरा ग्रंथ आला असेल तर 'तत्रैव'च्या जागी लेखकाचे नाव व संक्षिप्त शीर्षक येते. राइसचे मत राइसकडेच राहते आणि बाबासाहेबांचे बाबासाहेबांकडे. तळटिपांच्या अंत्यटिपा करायच्या झाल्या तरी 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये एक खूण बदलावी लागते.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. एक, झोटेरोने केलेल्या टिपेत हाताने खाडाखोड करू नये. चूक दिसली तर मूळ नोंदीत दुरुस्ती करावी. दोन, शेवटपर्यंत एकाच लेखनप्रणालीत काम करावे. आज वर्ड, उद्या लिब्रऑफिस असे केल्यास टिपांची जोडणी तुटू शकते. तीन, प्रबंध छापायला देण्यापूर्वी फायलीची एक प्रत काढावी आणि त्या प्रतीवरच 'अनलिंक सायटेशन्स' करावे. असे केल्याने टिपा साध्या मजकुरात रूपांतरित होतात व छापखान्यात बिघडत नाहीत; पण नंतर त्या आपोआप सुधारतही नाहीत. म्हणून जिवंत जोडणीची मूळ फाईल जपून ठेवावी.

स्वतःचा संगणक नसलेल्यांनी झोटेरोचे खाते उघडावे. नोंदी खात्यावर राहतात. महाविद्यालयातील किंवा मित्राच्या संगणकावरही त्या मिळतात. सोबत जोडलेल्या फायलींसाठी ३०० एमबी जागा मोफत आहे.

६. आपल्या अभ्यासातील खास अडचणी

ही साधने इंग्रजी पुस्तके डोळ्यांसमोर ठेवून घडली आहेत. मराठी, हिंदी व पाली ग्रंथ वापरणाऱ्याने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(अ) अक्षरे : श्री-लिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर झोटेरोत निरर्थक चिन्हे होऊन येतो. सर्व नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. त्यातही सारखेपणा ठेवावा. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते; डोळ्यांना सारखे दिसते, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात आणि शोध घेतल्यावर ग्रंथ सापडत नाही.

(आ) नावे : मजकुरात आपण आदराने 'बाबासाहेब' म्हणावे, नोंदीत मात्र 'आंबेडकर, भीमराव रामजी' असे एकच रूप ठेवावे. एका नोंदीत 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आणि दुसरीत 'आंबेडकर, बी. आर.' लिहिले तर यंत्र त्यांना दोन लेखक समजते, आणि 'डॉ.' मुळे ग्रंथ 'ड' अक्षराखाली जातो. भिक्खूंच्या नावात आडनाव नसते. 'आनंद कौसल्यायन' हे धम्मनाव आहे. त्याचे 'कौसल्यायन, आनंद' असे उलटे रूप नको असेल तर नावाच्या रकान्याजवळचे बटन दाबून दोन रकान्यांचा एक रकाना करावा. आद्याक्षरांवर विसंबू नये. पाली पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी आणि त्यांचे पुत्र, इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी, या दोघांचीही इंग्रजी आद्याक्षरे डी. डी. अशीच होतात. पूर्ण नाव न लिहिल्यास पित्याचा ग्रंथ पुत्राच्या नावावर जाईल.

(इ) शासनाचे खंड : 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही माला १९७९ पासून निघत आहे. 'बाबासाहेबांचे खंड, पृष्ठ अमुक' एवढे लिहिणे पुरेसे नाही. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचला, १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला आणि १९७९ मध्ये पहिल्या खंडात आला. तुम्ही तो पहिल्या खंडात वाचला असेल तर नोंदीचा प्रकार 'बुक सेक्शन' निवडावा, संपादक म्हणून वसंत मून यांचे नाव द्यावे, खंडाचा क्रमांक द्यावा. काही खंडांचे पुन्हा भाग आहेत. सतरावा खंड तीन भागांत आहे. भाग न सांगितल्यास वाचक चुकीचे पुस्तक उघडतो.

(ई) पाली ग्रंथ : येथे पृष्ठांकापेक्षा सुत्ताचे नाव महत्त्वाचे. कालामांना केलेल्या उपदेशाचे सुत्त अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात काही आवृत्त्यांत ६५ व्या क्रमांकावर आहे, तर काहींत ६६ व्या. म्हणून निकाय, सुत्ताचे नाव, क्रमांक आणि कोणती आवृत्ती हे चारही द्यावे. विद्वानांत पाली टेक्स्ट सोसायटीचे (स्थापना १८८१) खंड व पृष्ठ देण्याची प्रथा आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा तिपिटक देवनागरीत उपलब्ध केला आहे. त्यांच्या संगणकीय आवृत्तीत पाली टेक्स्ट सोसायटीचे पृष्ठांकही दिसतात. त्यामुळे चेंबूरमध्ये बसूनही हा संदर्भ देता येतो. 'द बुद्धा अँड हिज धम्म'मध्ये तर विधानांना क्रमांक आहेत. पृष्ठाऐवजी खंड, भाग, विभाग व विधानाचा क्रमांक दिला तर कोणतीही आवृत्ती असलेल्या वाचकाला ते स्थळ सापडते. झोटेरोत पृष्ठांकाच्या जागी 'बुक', 'पार्ट', 'सेक्शन', 'व्हर्स' असे पर्याय निवडता येतात.

(उ) 'तत्रैव' आणि 'उनि.' : शैली इंग्रजी असल्याने टिपेत 'इबिड', 'व्हॉल्यूम' असे इंग्रजी शब्द येतात. प्रबंध मराठीत असेल तर संगणक जाणणाऱ्या एखाद्या मित्राकडून शैलीच्या फायलीत त्यांच्या जागी 'तत्रैव', 'खंड', 'संपा.' हे शब्द घालून घ्यावेत. ते न जमल्यास जोडणी सोडवलेल्या शेवटच्या प्रतीत शोधून बदलावेत.

(ऊ) वेगवेगळ्या भाषांची सूची : मराठी, हिंदी व इंग्रजी ग्रंथांच्या स्वतंत्र याद्या मागितल्या जातात. झोटेरो एकच सलग यादी लावते. यावर उपाय म्हणजे भाषेनुसार तीन संग्रह करावेत आणि प्रत्येक संग्रहाची यादी वेगळी काढावी.

(ए) मुलाखती व जुनी पत्रे : 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतील लेखांसाठी अंकाची तारीख द्यावी आणि मूळ अंक पाहिला की पुनर्मुद्रण, तेही सांगावे. वस्तीतील वयोवृद्धांच्या मुलाखतींसाठी 'इंटरव्ह्यू' हा प्रकार आहे. तारीख व स्थळ लिहावे आणि नाव छापण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

७. यंत्राने न होणारे काम

त्या विद्यार्थिनीला मी आणखी एक प्रश्न विचारला, "राइसचे पुस्तक तू स्वतः पाहिलेस का?" ती क्षणभर गप्प राहिली. राइसचे मत तिने बाबासाहेबांच्या ग्रंथातूनच घेतले होते आणि टीप मात्र राइसच्या ग्रंथाची दिली होती. असे करण्यात लबाडी नसते, पण ते सत्यही नसते. अशा वेळी 'राइस, अमुक ग्रंथ. उद्धृत, आंबेडकर, द अनटचेबल्स, पृष्ठ अमुक' असे स्पष्ट लिहावे. मराठी अनुवाद वाचून इंग्रजी मूळ ग्रंथाचे पृष्ठ देणे हाही त्यातलाच प्रकार. जे वाचले तेच सांगावे. तुम्ही काय वाचले हे झोटेरोला कळत नाही. तुम्ही दिलेली चुकीची माहिती ते अत्यंत सुबक रीतीने छापून देईल.

इंटरनेटवरून आपोआप आलेल्या नोंदीतही वर्ष चुकलेले असते, अनुवादकाचे नाव लेखकाच्या जागी आलेले असते. प्रत्येक नोंद पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानाशी ताडून पाहावी. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारताक्षणी संदर्भ पुरवतात; परंतु त्यांतील काही ग्रंथ व लेख अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरे, आणि लेख मात्र कोणी लिहिलेलाच नाही, असे घडते. जो ग्रंथ आपण पाहिला नाही तो टिपेत घेऊ नये.

याला कायद्याचीही बाजू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत ठरावीक मुदतीत सुधारून द्यावा लागतो, चाळीस ते साठपर्यंत एक वर्ष सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे. म्हणजे योग्य संदर्भ हे विद्यार्थ्याचे संरक्षणही आहे. आपल्या मुलांकडे आधीच संशयाने पाहणारे लोक कमी नाहीत. त्यांच्या हाती आपण आपल्या निष्काळजीपणाने पुरावा देऊ नये.

८. स्वाध्याय

अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांनी पुढील रविवारपर्यंत हे करून आणावे :

(१) घरातील पाच पुस्तकांच्या नोंदी झोटेरोत कराव्यात. त्यांत एक अनुवादित, एक संपादित आणि एक आयएसबीएन नसलेले पुस्तक असावे.

(२) एक पानभर मजकूर लिहून त्यात सहा तळटिपा घालाव्यात. मग मधला परिच्छेद पहिल्या जागी नेऊन 'रिफ्रेश' करावे आणि कोणत्या टिपा बदलल्या ते लिहून काढावे.

(३) त्याच तळटिपांच्या अंत्यटिपा कराव्यात.

(४) बाबासाहेबांचे म्हणून भिंतीवर किंवा मोबाइलवर आलेले एखादे वाक्य घ्यावे आणि ते कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे ते शोधावे. न सापडल्यास तसे प्रामाणिकपणे सांगावे.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही.

जाता जाता संस्थेच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. आपल्या स्मरणिका हा वस्तीच्या इतिहासाचा साठा आहे. विहार केव्हा बांधले, वर्गणी कोणी गोळा केली, पहिली बालवाडी कोठे भरली, याची माहिती उद्याच्या संशोधकाला दुसरीकडे मिळणार नाही. परंतु कित्येक जुन्या स्मरणिकांवर वर्ष नाही, लेखांना पृष्ठांक नाहीत, काही लेखांवर लेखकाचे नाव नाही. मग त्यांचा संदर्भ देणार कसा? यापुढे प्रत्येक अंकावर वर्ष, संपादकाचे नाव व पृष्ठांक छापावेत आणि एक प्रत जपून ठेवावी. आपल्या लोकांनी लिहिलेले पुढच्या पिढीच्या तळटिपेत यायचे असेल, तर त्याची तजवीज आपणच केली पाहिजे.

त्या विद्यार्थिनीने नंतर सर्व टिपा नव्याने घातल्या. राइसचे पुस्तकही ग्रंथालयात जाऊन स्वतः वाचले. त्यातील दोन मते तिने पूर्वी लिहिली होती त्याहून निराळी निघाली, म्हणून तिने प्रकरणाचा शेवटच बदलला. तळटिपेचा खरा उपयोग हाच आहे. वाचकाआधी ती लेखकाला मूळ ग्रंथाकडे परत पाठवते.

आपल्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र शिकून घ्यावे, एकमेकांना शिकवावे आणि निर्दोष प्रबंध लिहावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून लेख संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!